मागल्या चाकाचा बंदोबस्त

दुधाच्या किटल्या, मुलांची दप्तरे आणि प्रसंगी अर्धा संसार ज्या मोटारसायकलवर लादून आपण निर्धास्तपणे गावोगाव हिंडतो, तिचे मागले चाक बोटाएवढ्या जाडीच्या एका पोलादी दांड्यावर आणि त्या दांड्याच्या टोकाशी आवळलेल्या एका नटावर विसंबून असते, ही गोष्ट चाक सुरळीत फिरत आहे तोवर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या दांड्याला शास्त्रीय लेखनात आस म्हणतात, गॅरेजमध्ये एक्सल. तो जागच्या जागी कशामुळे राहतो, असे विचारले तर बहुतेक जण नटाकडे किंवा नटातून आरपार घातलेल्या पिनेकडे बोट दाखवतील. परंतु हे उत्तर अर्धवट आहे, आणि या अर्धवट समजुतीपायी रस्त्यावर पुष्कळ नुकसान होते, म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम रचना पाहू. मागले चाक ज्या दुपाखी लोखंडी चौकटीत बसते तिला स्विंग आर्म म्हणतात. तिच्या एका पाखाच्या लांबट खाचेतून आस आत शिरतो. मग चेन ओढून धरणारा ॲडजस्टर, एक कॉलर, चाकाच्या तुंब्यातील पहिले बेअरिंग, दोन बेअरिंगांमधली पोलादी नळी, दुसरे बेअरिंग आणि ड्रम ब्रेक असल्यास त्याची प्लेट, असा प्रवास करून तो दुसऱ्या पाखातून बाहेर पडतो, आणि तेथे वायसर व नट त्याचा शेवट करतात. नट आवळला म्हणजे बेअरिंगांची आतली कडी, कॉलरी, नळी आणि स्विंग आर्मची दोन्ही पाखे एकमेकांवर घट्ट दाबली जाऊन त्यांचा जणू एकच अखंड स्तंभ बनतो. हा स्तंभ फिरत नाही, फिरते ते केवळ त्याभोवतीचे चाक. मधली नळी दिसायला क्षुल्लक; परंतु चाक खोलताना ती हरवली किंवा तिच्या जागी आखूड नळी बसली, तर नटाचा सगळा दाब बेअरिंगांची आतली कडी एकमेकांकडे ढकलू लागतो, गोळ्या आडव्या भाराखाली भरडल्या जातात, आणि नवे बेअरिंगही अल्पकाळात घरघरू लागते.

नट आवळणे म्हणजे नेमके काय करणे, हा या सबंध विषयाचा गाभा आहे. नट फिरत जातो तसतसा आस ताणला जातो. होय, पोलादाचा हा दांडा खरोखर लांब होतो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या धडपडीतूनच वर सांगितलेला दाब उत्पन्न होतो. समजा 14 मिलिमीटर व्यासाचा आस आहे आणि नट 60 न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळला आहे. तर कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या हिशेबाने आसात सुमारे दोन टन वजनाइतका ताण येतो, आणि त्याची लांबी वाढते ती मात्र मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढीच. म्हणजे सारी सुरक्षितता या डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबीत साठवलेली असते. पाना फिरवताना आपण लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश भाग आट्यांतील आणि नटाखालील घर्षणात खर्ची पडतो व जेमतेम एक दशांश आस ताणण्याच्या कामी येतो. म्हणूनच आटे गंजलेले असले तर पाना हाताला घट्ट लागूनही आत ताण अपुरा राहतो, आणि आट्यांना तेल किंवा ग्रीस लागलेले असले तर त्याच जोराने ताण वाजवीपेक्षा वाढतो. वर्षानुवर्षे काम केलेल्या मेस्त्रीचा हात फार मोलाचा, याविषयी दुमत नाही. तथापि या एका नटापुरता टॉर्क पाना आणि कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आसाला जागेवरून हलवू पाहणारा मुख्य शत्रू म्हणजे चेन. चाकाची त्रिज्या सुमारे 30 सेंटिमीटर आणि मागल्या स्प्रॉकेटची आठ-नऊ. त्यामुळे रस्ता चाकाला ज्या जोराने पुढे लोटतो त्याच्या तिपटीहून अधिक जोराने चेन आसाला इंजिनाकडे खेचत असते, आणि तेही एकाच बाजूने, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डावीकडून. खाच लांबट ठेवावी लागते, कारण चेन झिजून लांबते आणि आस मागे सरकवण्याची तजवीज असावी लागते. परंतु हीच मोकळीक चाक तिरके होण्याची वाटही उघडी ठेवते. ती वाट रोखण्याचे काम दाबलेल्या पृष्ठभागांमधील घर्षण करते, आणि ॲडजस्टर त्याच्या पाठीशी उभा असतो. दाब ढिला झाला की सारा भार ॲडजस्टरच्या बारीक बोल्टावर येऊन पडतो.

पण घट्ट आवळलेला नट मुळात ढिला होतोच कसा? गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या दिशेच्या सूक्ष्म घसरणीने नट अधिक वेगाने उलटा फिरतो; घसरणीच्या क्षणी आट्यांतील घर्षणाची पकड सुटते आणि आट्यांचा उतार नटाला मागे नेतो. सारांश, ज्या जोडात पुरेसा ताण आहे तो घसरत नाही, आणि जो घसरत नाही तो सैल होत नाही.

आता पिनेची गोष्ट. बैलगाडीच्या आखाला चाक सैल बसवलेले असते आणि ते निसटू न देण्याची सर्व जबाबदारी खिळीवर असते. मोटारसायकलच्या पिनेलाही लोक तोच अधिकार देतात, आणि येथेच फसगत होते. कंगोऱ्यांच्या नटातून जाणारी स्प्लिट पिन ताण राखत नाही. ताण गेल्यावर नट गळून पडू नये, एवढीच तिची कामगिरी, आणि ती कामगिरी अर्थातच फार महत्त्वाची आहे. नटाची खाच आसाच्या भोकासमोर येत नसेल तेव्हा काही कारागीर नट किंचित मागे घेतात. सहा खाचांच्या नटात दोन खाचांमधले अंतर फेऱ्याच्या सहाव्या भागाइतके असते. आस किती थोडा लांबलेला असतो हे लक्षात घेतले, तर एवढ्या उलट फेऱ्याने ताणाचा मोठा हिस्सा निघून जातो हे उघड आहे. नट नेहमी पुढेच न्यावा. एकदा वाकवून सरळ केलेली पिन तिच्या वाकणापाशी कमकुवत होते, ती पुन्हा घालू नये. काही गाड्यांत पिनेऐवजी नायलॉनचे कडे बसवलेला नट असतो. तो बोटांनीच शेवटपर्यंत फिरू लागला तर त्याची पकड संपली असे समजावे.

पुण्याजवळ आकुर्डीला तयार झालेल्या जुन्या स्कूटरमध्ये मागल्या आसाचा नट न सोडता, ड्रमवरचे लहान नट काढून चाक बदलता येत असे आणि स्टेपनी बसवता येत असे. मोटारसायकलच्या मालकाला ही सवलत नाही. त्याच्या गाडीचा आस पंक्चरच्या वेळी पुष्कळदा बाहेर काढावा लागतो, आणि रस्त्याकडेच्या घाईत, अंधुक उजेडात, एखादी कॉलर बाजू बदलते, वायसर मातीत राहतो, पिनेऐवजी तारेचा तुकडा घातला जातो. ड्रम ब्रेकच्या प्लेटला स्विंग आर्मशी जोडणारा टॉर्क रॉडही याच वेळी सुटतो. तो आवळायचा राहिला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते.

तेव्हा पंक्चर काढून झाल्यावर पैसे देण्यापूर्वी वाचकांनी कृपया खाली वाकून पाहावे: दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आहेत ना, टॉर्क रॉडचा नट बसला आहे ना, पिन नवी असून तिची टोके दुमडली आहेत ना, आणि पुढे जे पहिले चांगले गॅरेज लागेल तेथे तो नट टॉर्क पान्याने तपासून घ्यावा.