गिअरबॉक्सच्या अल्याड : नव्या क्लचची घरघर

दुहेरी फ्लायव्हीलवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. लेख अर्धा झालाही होता. पण हिवरे बाजारहून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आणि तो अर्धा लेख मी बाजूला ठेवला. पत्र चार ओळींचंच होतं : ‘काका, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही नवं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीला घरघर लागली. मिस्त्री म्हणतात, नवं आहे, बसेल हळूहळू. बसेल का?’

गाडी डिझेल पिकअप, काम दुधाचं. सकाळ-संध्याकाळ कॅन भरायचे, दर पाच-पन्नास पावलांवर थांबायचं, पुन्हा निघायचं. क्लचला याहून कठीण नोकरी नाही. हिवरे बाजारात दूध आहे हीसुद्धा अलीकडची गोष्ट आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा हे गाव नगर तालुक्यातल्या इतर दुष्काळी गावांसारखंच होतं. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, डोंगर उघडे, माणसं कामासाठी बाहेर. मग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदानातून पाणलोटाचं काम झालं, डोंगरावर गवत आलं आणि गवताबरोबर जनावरं आली. दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध निघायचं, ते पुढे चार हजार लिटरपर्यंत गेलं. ते दूध वेळेवर पोचवणाऱ्या गाडीला घरघर लागली तर माणूस पत्र लिहिणारच.

त्यातून त्यानं शब्दही असा निवडला! आपल्याकडे आजारी माणसाला घरघर लागली म्हणतात तेव्हा नातेवाइकांना बोलावणं धाडायची वेळ आलेली असते. त्याच्या मनात तीच भीती असावी. पण मला तो शब्द दुसऱ्या कारणासाठी मोलाचा वाटला. घरघर हा जात्याचा आवाज. जड काहीतरी सतत फिरतंय, आवाज जाडा आणि अखंड आहे, मध्ये तुटत नाही. नुसत्या या शब्दानं संशयितांची निम्मी यादी गळून पडते.

आवाजांच्या शब्दांत मराठी फार श्रीमंत आहे. गॅरेजमध्ये आपण ही श्रीमंती वापरत नाही, याचं मला कित्येक वर्षं वाईट वाटत आलं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘आवाज येतोय.’ मिस्त्री विचारतो, ‘कसला?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘कसलातरी.’ इथेच निदान चुकायला सुरुवात होते. खरखर म्हणजे कोरड्या धातूवर धातू घासतोय. किरकिर बारीक आणि टोचणारी, रातकिड्यासारखी. खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि आपल्या जागेत हलतंय. कुरकुर म्हणजे सांधा कोरडा पडलाय. तो फिरत नाही, फक्त वाकतोय, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. चिवचिव तर क्लचमध्ये हुबेहूब ऐकू येते : गाडी जागेवर सुरू असताना चिमणी बसल्यासारखा आवाज येतो आणि पेडलला नुसता पाय टेकवला की चिमणी उडते. तिथे रिलीज बेअरिंग किंवा ज्या गोळीवर क्लचचा फोर्क टेकतो ती गोळी तपासायची. बेअरिंगवर पुरेसा दाब नसल्यानं ते धड फिरत नाही आणि धड थांबतही नाही. पायाचा थोडा भार आला की ते नीट बसतं.

पुण्याच्या एआरएआयमध्ये, म्हणजे १९६६ पासून गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, आवाज आणि कंपनं मोजण्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे ती नाही. आपल्याकडे दोन कान आहेत, हे शब्द आहेत आणि एक क्लच पेडल आहे. त्यातलं पेडल हे फार उत्तम उपकरण आहे, कारण ते दाबलं की गाडीतले काही भाग थांबतात आणि काही नव्यानं कामाला लागतात.

प्लेटची रचना मागच्या लेखांत झाली आहे, म्हणून इथे थेट मुद्द्यावर येतो. इंजिन सुरू आहे, गाडी न्यूट्रलमध्ये आहे, पेडल वर आहे. या वेळी प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, त्यामुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्याचं बेअरिंग आणि आतला काउंटर शाफ्ट हे सगळं फिरत असतं. पेडल पूर्ण दाबलं की हे सगळं हळूहळू थांबतं. पेडल दाबल्यावर जो आवाज मरतो तो गिअरबॉक्सच्या बाजूचा.

आता उलट बघू. पेडल वर असताना गाडी गप्प आहे आणि पहिल्या इंचभर दाबात आवाज सुरू होतो. याचा अर्थ रिलीज बेअरिंग आत्ता प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकलं आणि बोलायला लागलं. केबलवाल्या जुन्या गाड्यांत हे अगदी स्वच्छ कळतं, कारण तिथे पेडलला मोकळी चाल असते आणि बेअरिंग एरवी बोटांपासून दूर असतं. हायड्रॉलिक क्लचमध्ये ते बहुधा कायम टेकलेलंच असतं, म्हणून तिथे आवाज सुरू होण्यापेक्षा तो बदलतो का, हे ऐकायचं.

तिसरी जागा पायलट बेअरिंगची. क्रँकच्या टोकाला, इनपुट शाफ्टचं नाक जिथे टेकतं तिथे ते असतं. पेडल वर असताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, म्हणून त्याला काही कामच नसतं. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकला आणि गाडी उभी ठेवली की क्रँक फिरते, शाफ्ट थांबतो, आणि आवाज असेल तर तेव्हाच येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच लहान मोटारींत हे बेअरिंगच नसतं. तिथे त्याचा शोध घेत बसू नये.

मी त्या मुलाला फोन केला. गाडी घेऊन ये म्हटलं नाही. तीन दिवस वही ठेव म्हटलं. सकाळी गार गाडीत आवाज किती, परतताना किती, पेडल कुठे, गिअर कोणता, सगळं लिहायचं. त्यानं काही विचारलं नाही, ‘बरं काका’ एवढंच म्हणाला. दुसऱ्या एखाद्या गावात मला हे समजावायला अर्धा तास लागला असता. या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरतं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायला तिथे बंदी आहे, उसालाही नाही म्हटलेलं आहे. आधी मोज आणि मग जमिनीला हात लाव, हे ज्या गावात लहानपणापासून दिसतं, तिथल्या पोराला वही ठेवायचं नवल का वाटावं?

वही उत्तम होती. पेडल वर, न्यूट्रल : घरघर. पेडल खाली : ‘लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी बंद.’ सकाळी कमी, दूध घालून परतताना जास्त. चौथ्या गिअरमध्ये आवाज पातळ होतो, तिसऱ्यात पुन्हा येतो.

ते ‘लगेच नाही’ वाचून मी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिवरे बाजारला निघालो. रिलीज बेअरिंगचा आवाज असता तर पायाच्या हालचालीसरशी बदलला असता. हा आवाज मावळत होता, म्हणजे फिरणारं काहीतरी इंजिनापासून सुटून आपल्या जोरावर थोडा वेळ फिरत होतं आणि मग थांबत होतं. हे वागणं गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचं. चौथ्या गिअरची नोंदही तिकडेच बोट दाखवत होती. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ जोडणीचा आहे, त्यामुळे जोर काउंटर शाफ्टमधून न जाता थेट मागे जातो. आणि गरम झाल्यावर आवाज वाढतो याचा अर्थ तेल पातळ झाल्यावर वाढतो. माझं लक्ष तेलावर होतं.

हिवरे बाजारजवळचं नगर शहर तर गाड्यांचंच आहे. लष्करी वाहनांची कसोटी घेणारी व्हीआरडीई ही संस्था तिथे आहे, आणि १९७२ च्या लुनामुळे घराघरात पोचलेल्या कायनेटिकचा कारखानाही. लुनाचा क्लच कधी कोणी दाबला नाही, कारण तो वेगाबरोबर आपोआप पकडणारा होता. आतले जोडे फिरण्याच्या जोरानं बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटायचे. त्या क्लचच्या आवाजांवर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

गावात पोचलो तेव्हा दूध जाऊन आलं होतं, गाडी गरम होती. मी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले, त्यातून स्टेथोस्कोप आला. मिस्त्रीचा स्क्रू ड्रायव्हर त्याच कुळातला. क्लच हाउसिंगवर आवाज मंद होता. तिथून चार बोटं मागे, इनपुट शाफ्टच्या बेअरिंगपाशी तो कानात भरला. तिथून आणखी मागे, शेपटीकडे गेलं की पुन्हा कमी.

इंजिन बंद केलं आणि गाडी सपाट जागी घेतली. गिअरबॉक्सच्या कुशीला तेल भरायचा बोल्ट असतो. तो काढला की तेल भोकाच्या कडेपर्यंत उभं दिसलं पाहिजे, जरासं ओघळलं तरी चालतं. इथे करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि कोरडी परत आली.

काय झालं होतं ते सांगतो, कारण हे पुष्कळ ठिकाणी होतं. ज्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकवलेलं असतं, त्यांत क्लचच्या कामासाठी शाफ्ट ओढला आणि गिअरबॉक्स मागे कलला की तेल तिथून वाहून जातं. अनुभवी माणूस शेपटीत बूच लावतो किंवा आधीच तेल काढून मोजून ठेवतो. त्या दिवशी ते झालं नाही, तेल जमिनीवर गेलं, आणि क्लच इतका नीटनेटका बसला की वरून तेल भरायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. इनपुट शाफ्टचं बेअरिंग गिअरबॉक्समध्ये उंचावर असतं. खालचे दातेरी गिअर तेल उडवतात, त्यावर ते जगतं. पातळी उतरली की सगळ्यात आधी तेच उपाशी राहतं.

म्हणजे नव्या क्लचमध्ये काहीच दोष नव्हता. मला सगळ्यात पोटतिडकीनं सांगायचं आहे ते हेच : नवा क्लच बसवल्यावर सुरू झालेला आवाज क्लचचाच असेल असं नाही. त्या एका कामात गिअरबॉक्स खाली येतो, शाफ्ट निघतो, केबल सुटते, हाउसिंगखालचा धूळ अडवणारा पत्रा काढला जातो. तो पत्रा जरा वाकडा बसला तर फ्लायव्हीलला घासून इतकी भयंकर खरखर करतो की माणूस सगळा क्लच पुन्हा उतरवतो. कधी नव्या प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा मूळ प्लेटपेक्षा वेगळ्या असतात. इंजिन मंद चालताना बसणारे बारीक झटके जुनी प्लेट गिळत होती, ते नवी गिळत नाही, आणि गिअरचे दात एकमेकांवर वाजायला लागतात. तो आवाज आधीपासून होताच, फक्त झाकलेला होता.

‘बसेल हळूहळू’ याचंही उत्तर द्यायला हवं. नव्या प्लेटचं अस्तर बसायला पहिले काही शे किलोमीटर लागतात हे खरं. तेवढ्या काळात थोडा वास येतो, गाडी उचलताना किंचित थरथर होते, ती जाते. पण बेअरिंगचा आवाज कधीही ‘बसत’ नाही. तो वाढतो. थरथर राहिली तर प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, थोडे थोडे आवळले होते का, नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक तेलाचा थर पुसला होता का, प्लेटच्या खाचांना लावलेलं ग्रीस उडून अस्तरावर गेलं का, हे विचारावं. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचा सगळा भार क्षणभर जरी शाफ्टवर लोंबकळला तरी प्लेटचा मध्य वाकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण क्लच नीट सुटत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा नवं रिलीज बेअरिंग आठवड्यात ओरडायला लागलं होतं. कारण शोधताना कळलं की कामातला पोरगा फार मन लावून काम करणारा होता, त्यानं नवं बेअरिंग स्वच्छ व्हावं म्हणून डिझेलमध्ये धुतलं होतं. या बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यात भरून कायमचं बंद केलेलं असतं. ते धुतलं की त्याचं आयुष्यच धुतलं जातं. त्याला कोणी तसं सांगितलंच नव्हतं. जी मुलं हे काम शिकतायत त्यांनी कृपया एवढं लक्षात ठेवा : रिलीज बेअरिंग कोरड्या फडक्यानं पुसायचं. आणि क्लचची जुनी धूळ हवेच्या झोतानं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसात जाऊन बसतो.

हिवरे बाजारला आम्ही गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचं तेल मागवलं. पाऊण लिटरहून थोडं जास्त गेलं, तेव्हा भोकाच्या कडेला ओघळ दिसला. बोल्ट आवळून गाडी सुरू केली. पहिला मिनिटभर काहीच फरक नव्हता आणि मुलाचा चेहरा उतरला. मग तेल वर पोचलं असावं, आवाज खाली खाली गेला आणि बारीक गुणगुण तेवढी उरली. ती राहील असं मी त्याला सांगितलं. इतके दिवस ते बेअरिंग उपाशी चाललंय, त्याच्या गोळ्यांवर थोडा ओरखडा उठला असेल. वही चालू ठेव, महिन्याभरात गुणगुण वाढली तर बेअरिंग बदलू, नाही वाढली तर हात लावायचा नाही. मिस्त्रींनाही मी फोन लावला. ते दोन क्षण गप्प झाले आणि म्हणाले, ‘बूच लावायचं राहिलं माझ्याकडून.’ इतक्या सरळपणे चूक मान्य करणाऱ्या माणसाकडेच पुढचं काम न्यावं, असं मी त्या मुलाला सांगून आलो.

निघताना त्यानं आणखी एक गोष्ट विचारली. डेअरीच्या फाटकाशी चढावर रांग असते, तिथे तो ब्रेक न लावता क्लच अर्धा दाबून गाडी जागेवर धरून ठेवतो. पहिली प्लेट त्यामुळे गेली असेल का? पुढच्या आठवड्यात तेच घेऊ. दुहेरी फ्लायव्हीलला आणखी एक आठवडा थांबावं लागणार.