लाकडी राजवाडा आणि आगीचे भय

बीजिंगच्या मध्यभागी ७२ हेक्टरांवर पसरलेला आणि फॉरबिडन सिटी या नावाने ओळखला जाणारा राजवाडा मिंग घराण्यातील युंगलो सम्राटाने १४०६ ते १४२० या काळात बांधून घेतला. मिंग आणि त्यानंतरच्या चिंग घराण्यातील मिळून २४ सम्राटांनी तेथून राज्य केले आणि १९२५ पासून तेथे संग्रहालय आहे. दक्षिणेकडील वूमेन दरवाजातून आत येणारा पाहुणा पिवळ्या कौलांच्या आणि संगमरवरी चौथऱ्यांच्या भव्यतेने दिपून जातो, हे स्वाभाविकच आहे. परंतु हा सारा डोलारा लाकडी खांबांवर उभा असल्यामुळे त्याच्या रचनेत आगीचे भय किती खोलवर मुरले आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय राजवाडा खऱ्या अर्थाने समजत नाही.

हे भय निराधार नव्हते. राजवाडा पूर्ण झाल्यावर वर्षभरातच, १४२१ मध्ये, वीज पडून त्यातील तीन मुख्य सभागृहे जळाली आणि ती पुन्हा उभी राहण्यास सुमारे दोन दशके लागली. राज्याभिषेकासारखे मोठे समारंभ जेथे होत, ते ताइहेदिएन, म्हणजे परम सुसंवादाचे सभागृह, आज दिसते ते १६९५ चे आहे. त्याच्या छताच्या उतरत्या कण्यावर मातीच्या भाजलेल्या, झिलईदार प्राण्यांची रांग आहे. कौले घसरू नयेत म्हणून ठोकलेल्या खिळ्यांवर टोपण घालणे हे या प्राण्यांचे मूळ काम असले, तरी त्यांच्या संख्येवरून इमारतीचा दर्जाही कळतो: सम्राटाच्या निवासी महालावर नऊ, सम्राज्ञीच्या महालावर सात आणि केवळ ताइहेदिएनवर दहा. हा दहावा प्राणी, हांगशी, पंख असलेल्या वानरासारखा असून त्याच्या हाती वज्र आहे; विजेपासून रक्षण करण्याचे काम परंपरेने त्याच्याकडे दिलेले आहे.

श्रद्धेवरच भिस्त ठेवलेली नव्हती. अंगणांतून धातूचे प्रचंड रांजण पाण्याने भरून ठेवलेले असत आणि बीजिंगच्या कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठू नये म्हणून रांजणांखाली निखारे पेटवले जात. आगीशी लढण्यासाठी आगच पेटवावी लागावी, यातच त्या व्यवस्थेची अपरिहार्यता दिसते.

पूर्वेकडील वनयुआनग या ग्रंथालयाची कौले मात्र काळी आहेत, कारण पंचतत्त्वांच्या चिनी विचारात काळा रंग पाण्याचा मानला जातो आणि छियानलुंग सम्राटाने १७७६ मध्ये पूर्ण करवून घेतलेल्या या वास्तूत हस्तलिखित ग्रंथांचा अमोल संग्रह ठेवायचा होता. मधल्या अक्षावरून सरळ उत्तरेच्या दरवाजाकडे निघून जाणाऱ्या बहुतेकांच्या वाटेवर हे ग्रंथालय येतच नाही, याची खंत वाटते.