एका हाताचे काम

सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकराला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो, घसा कोरडा पडतो. अशा वेळी कडेवर मूल आहे आणि दुसऱ्या हातात थंड पेयाचा कॅन आहे, तर तो उघडायचा कसा? तुम्ही म्हणाल, मुलाला खाली उतरवावे. ठीक. पण प्लॅस्टरमधला हात किंवा अर्धांगवायूने लुळा पडलेला हात थोडाच खाली ठेवता येतो! अशा माणसाला दर वेळी ‘जरा उघडून दे रे’ म्हणावे लागते, ते तहानेपेक्षाही जड जाते. म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या कामाचा आज विचार करू.

आपला जुना गोटी सोडा आठवा. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूचा दाबच गोटीला वर रेटून तोंड बंद ठेवतो. बाटली गाड्यावर पक्की उभी असली, की लाकडी दट्ट्यावर तळहाताचा एक दणका बसतो आणि काम होते. पकडायचे काम गाडा करतो, उघडायचे काम अंगाचा भार करतो. हे सूत्र ध्यानात ठेवा.

कॅनची गोष्ट निराळी. पूर्वी त्याला भोक पाडायला वेगळे हत्यार लागे. १९५९ साली अमेरिकेतल्या अर्मल फ्रेझ यांना सहलीत हे हत्यार सापडेना. त्यांनी मोटारीच्या बंपरवर डबे फोडले आणि मग झाकणालाच कडी बसवण्याची युक्ती काढली. ती कडी तुटून हातात येई, कोठेही फेकली जाई आणि लोकांचे पाय कापत. पुढे १९७५ च्या सुमारास न सुटणारी कडी आली. आज आपण वापरतो ती हीच.

ही कडी म्हणजे एक चतुर तरफ आहे. टोक उचलू लागलात, की प्रथम कडीचे नाक झाकणावर टेकते आणि मधले रिव्हेट वर ओढले जाते. बारीक चीर पडते, ‘फुस्स’ होते, दाब उतरतो. मग रिव्हेटच टेकू बनते आणि नाक झाकणाची जीभ आत ढकलते. म्हणजे खरा जोर लागतो तो फक्त पहिल्या उचलीला.

आता कृती. कॅन गार असावा आणि हलवलेला नसावा. गरम कॅनमध्ये दाब जास्त असतो. तो ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. कॅन असा फिरवा, की पिण्याचे तोंड तळहाताकडे आणि कडीचे मोकळे टोक पलीकडे येईल. अंगठा एका अंगाला, मधले बोट, अनामिका व करंगळी दुसऱ्या अंगाला अशी पकड घ्या. तर्जनी झाकणावरून नेऊन तिचे टोक कडीखाली घाला आणि हळूच आपल्याकडे वळवा. फुस्स झाले, की क्षणभर थांबा. मग कडी पुरती उभी करा.

नख जात नसेल किंवा बोटात जोर नसेल, तर खुर्चीवर बसून कॅन दोन्ही मांड्यांत धरा. चमच्याची दांडी कडीखाली सरकवा, ती कॅनच्या काठावर टेकवा आणि चमचा खाली दाबा. ओढण्याचे काम दाबण्याचे झाले; गोटी सोड्याचेच सूत्र! मात्र एक सांभाळा. कॅनची भिंत मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी जाड असते. बंद असताना आतल्या वायूमुळे ती टणक लागते. उघडताच मऊ पडते. तेव्हा फुस्स होताच मांड्यांची पकड सैल करा, नाही तर पेय अंगावर येईल. आणि दात? ते मुळीच लावू नका.

चमचा नेहमी खिशात नसेलही. पण भिंतीचा कोपरा, टेबल, मांडी यांपैकी काहीतरी सापडतेच आणि ते दुसऱ्या हाताची जागा घेते. घरी असा कोणी असेल, तर त्याच्या हातातला कॅन झटकन ओढून घेऊ नका. फडके आणि चमचा जवळ ठेवा आणि विचारा, ‘उघडून देऊ, की तुम्ही उघडता?’ मदत मागायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.