दगड दोषी की बांधणी?

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे 'माळवद पाडून स्लॅब टाकावा का?' हे वडील मलाच विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून लातूर-नांदेडकडे दगड-मातीच्या घराची धास्तीच बसली आहे.

परंतु माळवदाची रचना पाहा. लाकडी खांब, त्यांवर तुळया व फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दगडी भिंत दोन-अडीच फूट रुंद दिसते. प्रत्यक्षात तिला आतला व बाहेरचा असे दोन पदर असतात, मधे चिपा आणि मातीची भर. हादऱ्याने हे पदर सुटले. वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेली छते कोसळली. तरीही कित्येक घरांत भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला.

म्हणून उपायही साधे आहेत : दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड, दारांच्या वर चारही भिंतींना कवळणारा सळई-काँक्रीटचा पट्टा, खांबांना तिरपे टेके आणि छतावरील माती कमी करणे.

हॉलंडातही ग्रोनिंगेन भागात जमिनीतील वायू उपसल्याने भूकंप झाले व विटांच्या घरांना तडे गेले. तिथे हजारो घरे मजबूत करण्याचे काम हाती घेतले गेले. वीट मात्र डच वास्तुकलेतून हद्दपार झाली नाही.

वडिलांना मी एवढेच सांगितले, 'आधी माहितगाराला भिंत दाखवू.' कच्च्या भिंतीवर टाकलेला स्लॅब हाही शेवटी डोक्यावरचा भारच!