एक अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या : सकाळी सेल्फ का लागत नाही?

मंचेरियल (वार्ताहर) : मेडारमची जत्रा असो की सिरोंच्याचे लग्न, रात्रीच्या मुक्कामाला लाइट, पंखा, साऊंड चालावा म्हणून गाडीत दुसरी बॅटरी बसवणारे आता बरेच आहेत. बहुतेक जण प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून मोकळे होतात. इंजिन चालू असताना यात काही बिघडत नाही, एकच अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरतो. खरी गोम इंजिन बंद झाल्यावर आहे. साऊंड दोन्ही बॅटऱ्या मिळून उतरवतो आणि सकाळी गाडीभर माणसांना धक्का मारावा लागतो.

यावर काही जण मध्ये डायोड टाकतात. बॅटऱ्या वेगळ्या राहतात, पण साध्या डायोडमध्ये 0.6 ते 0.7 व्होल्ट खर्ची पडतात. अल्टरनेटरचे 14.2 व्होल्ट बॅटरीपर्यंत साडेतेरा होऊन पोचतात. अशी कायम अर्धपोटी राहिलेली लेड-अॅसिड बॅटरी, प्लेटांवर सल्फेट धरून, लवकर मरते.

त्यापेक्षा रिले बरा. इंजिन सुरू झाले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झाले की तोडतो. मात्र रिलेचा सप्लाय नुसत्या चावीवरून घेऊ नये. सेल्फ मारताना दुसऱ्या बॅटरीतूनही करंट ओढला जातो आणि फ्यूज उडतो. व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा रिले मिळतो, तो घ्यावा. बीएस-6 च्या काही गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, तिथे डीसी-डीसी चार्जरच लागतो.

वायरीत कंजुषी नको. 5 मीटर लांब, 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत 30 अँपिअरला सुमारे 0.4 व्होल्ट जातात. 16 च्या वायरीत 0.16. आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ हवा, एकीकडे लावून भागत नाही. वायर घासून चासीला लागली तर करंट दोन्हीकडून येतो आणि आग लागते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरी बंद केबिनमध्ये सीटखाली ठेवू नये.

दोन तास गाडी चालली म्हणजे उतरलेली बॅटरी फुल झाली, असेही नाही. शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच कित्येक तास लागतात.

आपल्याकडच्या कोळशाच्या टिपरांची गोष्ट वेगळी. त्यांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करतात. तिथे एकाच बॅटरीवरून टेप चालवला तर ती उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. टेपसाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावावा.