पुसलेल्या अक्षरांचा शोध

इसवी सन २००३ च्या फेब्रुवारी महिन्याची १ तारीख. सोळा दिवसांचा प्रवास आटोपून ‘कोलंबिया’ हे अमेरिकेचे अंतराळयान पृथ्वीकडे परत येत होते. टेक्सास राज्याच्या आकाशात ते भंगले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला त्यांपैकीच एक होत.

यानाचे अवशेष शोधण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले. सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या तळ्याच्या पात्रात धातूचा जळका गोळा सापडला. यानातील एका प्रयोगाची माहिती साठविणारी ती हार्ड डिस्क होती. त्या प्रयोगाची काही माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पोहोचली होती; उरलेली मात्र या गोळ्यात अडकून पडली होती. प्लॅस्टिक वितळले होते, आत माती शिरली होती. त्यातून एखादे अक्षर तरी हाती लागेल, असे कोणाला वाटले असते?

हे समजण्यासाठी हार्ड डिस्क आतून कशी असते ते पाहू. तिच्यात ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते. एक चिमुकले टोक तिला स्पर्श न करता तिच्यावर तरंगत राहते आणि थरातील सूक्ष्म ठिपक्यांना या किंवा त्या दिशेने चुंबकत्व देत जाते. चित्र असो, गाणे असो वा तुमचा निबंध असो, तेथे त्याचे रूप एवढेच!

या अगणित ठिपक्यांत हवी ती फाइल सापडावी म्हणून डिस्कवर एक सूचीही ठेवलेली असते. ग्रंथालयातील पत्रके तुम्ही पाहिली असतील. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे त्यांवरून कळते. आता गंमत अशी, की आपण फाइल पुसण्याची आज्ञा केली, तरी संगणक बहुधा पुस्तकाला हातच लावीत नाही. तो फक्त पत्रक रद्द करतो. जुन्या एका पद्धतीत तर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर काढून तेथे एक खूण केली, की काम संपले. झटपट केलेल्या फॉरमॅटमध्येही जुनी सूची जाऊन नवी कोरी सूची येते. कपाटातील पुस्तके जागच्या जागी राहतात. संगणकाचा हा आळस आपल्या पथ्यावर पडतो, असेच म्हटले पाहिजे.

मग हरवलेली फाइल शोधणारा प्रोग्रॅम काय करतो? तो सूचीकडे न पाहता प्रत्येक कपाट स्वतः उघडून पाहतो. छायाचित्रांच्या एका प्रचलित प्रकारात प्रत्येक फाइलच्या आरंभी व अंती ठरावीक खुणा असतात. त्या दिसल्या, की मधला मजकूर उचलायचा.

परंतु संगणकाच्या लेखी ती जागा आता मोकळी असते. त्यामुळे तेथे केव्हाही नवी फाइल येऊन बसते आणि मग जुनीचा मागमूसही उरत नाही. म्हणूनच सहलीची छायाचित्रे चुकून पुसली गेली, तर त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र घेऊ नये. शोधणारा प्रोग्रॅमसुद्धा त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नये. डिस्क कटकट आवाज करू लागली, तर ती तत्काळ बंद करावी; चालू ठेवल्यास आतील टोक तबकडीच खरवडून काढील. हल्लीच्या तबकडी नसलेल्या डिस्क मात्र रिकामी झालेली जागा आपण होऊनच साफ करीत असतात. त्यांच्या बाबतीत आशा फारच थोडी.

आता पुन्हा त्या जळक्या गोळ्याकडे वळू. तज्ज्ञांनी आतील तबकड्या काढल्या. त्यांच्यावर ओरखडे होते, परंतु त्या वाकल्या नव्हत्या. डिस्क निम्मीच भरलेली होती आणि तिच्या संगणकातील जुनी ‘डॉस’ प्रणाली माहिती इतस्ततः विखरून न टाकता एकत्र ठेवीत असे. इजा झाली होती ती नेमकी रिकाम्या भागाला! रसायनाने धुतलेल्या तबकड्या नव्या पेटीत बसविण्यात आल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली.

त्याच यानातील आणखी दोन डिस्क तज्ज्ञांनी तपासल्या होत्या. त्यांच्या तबकड्यांची चुंबकत्व धारण करण्याची शक्तीच नष्ट झाली होती. तेथे त्यांचे काही चालले नाही.

तो प्रयोग झेनॉन नावाच्या वायूवर होता. रंग ढवळला, की पातळ होऊन सहज वाहू लागतो. विशिष्ट अवस्थेत हा वायूही तसाच वागतो काय, हे पाहावयाचे होते. पृथ्वीवर वायूचे स्वतःचे वजन या प्रयोगात व्यत्यय आणते, म्हणून तो अंतराळात नेला होता. तो तसाच वागतो, हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.