ईवुड पार्कचे पुणेकर मालक

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडच्या वायव्य भागातल्या लँकेशायरमधला फुटबॉल क्लब १८७५ साली स्थापन झाला. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांमध्ये रोव्हर्स होता. १८९० पासून ईवुड पार्क हे त्याचे मैदान आहे आणि अर्धा निळा, अर्धा पांढरा असा उभा दुभागलेला सदरा ही त्याची ओळख आहे. एफए कप त्याने सहा वेळा जिंकला, इंग्लंडचे लीग विजेतेपद तीनदा. नोव्हेंबर २०१० पासून हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाच्या, म्हणजे व्हेंकीजच्या, मालकीचा आहे. प्रीमियर लीगमधला क्लब विकत घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. त्यानंतरची पंधरा वर्षे मालक आणि पाठीराखे यांच्यातल्या दुराव्याची आहेत. इंग्लंडमध्ये परक्या मालकांबद्दल कुरकुर नवी नाही, पण इतका लांबलेला आणि इतका हताश करणारा दुरावा क्वचितच आढळतो.

तो समजण्यासाठी आधी गाव पाहिले पाहिजे. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे, त्यातही मागांचे गाव. एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर विणलेले कापड मोठ्या प्रमाणात भारतात येई आणि भारतीय बाजारासाठी धोतरे विणणे ही तर या गावाची खासियत होती. पुण्यात १९०५ साली विदेशी कापडाची होळी झाली, तिच्यात लँकेशायरचे कापड असणार हे उघड आहे. बहिष्काराने आणि मंदीने गिरण्या बंद पडू लागल्या असताना, १९३१ मध्ये, गांधीजी शेजारच्या डार्वेन गावी गिरणीकामगारांना भेटायला गेले होते. पुढे गिरण्या गेल्या, रोजगार गेला. जेमतेम सव्वा लाख वस्तीच्या या गावाला देशभर ओळख देणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे रोव्हर्स. मोठ्या शहरात क्लब हा अनेक करमणुकींपैकी एक असतो. ब्लॅकबर्नमध्ये तो गावाचे नाव टिकवणारी संस्था आहे आणि मैदानातली खुर्ची आजोबांकडून नातवाकडे येते.

चांगला मालक कसा असतो, हेही या गावाने पाहिले होते. जॅक वॉकर हे ब्लॅकबर्नचेच. वडिलांच्या पत्र्याच्या कारखान्यातून त्यांनी आणि त्यांच्या भावाने मोठा पोलाद व्यवसाय उभा केला आणि तो ब्रिटिश स्टीलला विकला. आलेला पैसा वॉकर यांनी लहानपणापासून आवडत्या क्लबात ओतला. १९९१ मध्ये क्लब पूर्णपणे त्यांच्या हाती आला, तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या विभागात चाचपडत होता. केनी डॅलग्लिश यांच्यासारखा मॅनेजर त्यांनी आणला, १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअररला विकत घेतले आणि ईवुड पार्कचे तीन बाजूंचे स्टँड नव्याने बांधले. १४ मे १९९५ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. वॉकर २००० साली वारले. त्यांच्या पश्चात क्लब त्यांच्या कौटुंबिक विश्वस्त निधीकडे राहिला. २००२ मध्ये त्याने लीग कपही जिंकला. वॉकर यांनी पैसा दिला, हे खरे. पण पाठीराखे त्यांचे नाव आजही काढतात ते एवढ्यासाठीच नाही. ते गावचे होते, सामन्याला हजर असत आणि त्यांना काय हवे आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते.

विश्वस्तांनी बरीच वर्षे गिऱ्हाईक शोधले. १९ नोव्हेंबर २०१० रोजी व्यवहार पुरा झाला. व्हेंकीजने क्लबचे जवळजवळ सगळे भाग सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतले आणि त्यावरचे कर्जही अंगावर घेतले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा समूह भारतातल्या कुक्कुटपालन उद्योगातले फार मोठे नाव आहे. अंड्यांना रास्त भाव मिळावा म्हणून १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीमागेही राव हेच होते. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश राव व बालाजी राव हे आता समूहाचे प्रमुख आहेत. धंद्यात मुरलेले हे कुटुंब फुटबॉलमध्ये मात्र पूर्णपणे नवे होते.

पहिला धक्का महिन्याभरातच बसला. मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना १३ डिसेंबरला काढण्यात आले. तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये तेराव्या स्थानावर होता, कोणत्याही संकटात नव्हता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह केन. ते क्लबमध्येच प्रशिक्षक होते आणि मॅनेजर म्हणून त्यांना अनुभव नव्हता. केन यांचा एजंट क्लब-खरेदीच्या व्यवहारात आणि नंतर खेळाडूंच्या खरेदीतही सल्लागार होता, ही गोष्ट पाठीराख्यांच्या मनात कायमची सलत राहिली. त्याच सुमारास रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी होऊ लागल्या. जानेवारी २०११ मध्ये अध्यक्ष जॉन विल्यम्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, खेळाडूंच्या व्यवहारात आपल्याला विचारले जात नाही, अशी लेखी तक्रार मालकांकडे केली. पुढच्याच महिन्यात विल्यम्स गेले. क्लब कसा चालतो हे ज्यांना वर्षानुवर्षे माहीत होते अशी माणसे थोड्याच काळात बाहेर पडली. मालकांची ही सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल, कारण पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ तिच्यात आहे. दूरच्या मालकाला गावात आपली जाणती माणसे लागतात. ती घालवली की निर्णय एजंटांच्या हाती जातात.

पहिला हंगाम वुल्व्ह्सवरच्या शेवटच्या दिवशीच्या विजयाने निभावला. २०११-१२ चा हंगाम मात्र क्लबच्या इतिहासातल्या सर्वांत कडवट हंगामांपैकी एक ठरला. फिल जोन्ससारखा तरुण बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता, पुढे कर्णधार क्रिस्टोफर सांबाही गेला. ‘केन आउट’चे फलक ईवुड पार्कवर आणि बाहेरगावच्या सामन्यांतही दिसू लागले. याच काळात कोंबडीच्या उत्पादनांची एक जाहिरात आली. तिच्यात रोव्हर्सचे खेळाडू सामन्याआधी चेंजिंग रूममध्ये चिकन खाताना दाखवले होते. मालकांसाठी ती व्यापाराची नेहमीची रीत असेल, गावाला मात्र तो आपल्या सदऱ्याचा अपमान वाटला. ३१ डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ हरवण्याचा पराक्रम घडला, तरी घसरण थांबली नाही. उपमुख्य कार्यकारी अधिकारी पॉल हंट यांनी डिसेंबरमध्येच देसाई यांना पत्र लिहून मॅनेजर बदलण्याची विनंती केली होती. ते पत्र मे महिन्यात बाहेर फुटले आणि हंट यांची नोकरी गेली. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांपैकी कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. त्या रात्री रोव्हर्स ०-१ हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर गेला. आजतागायत तो परतलेला नाही.

खालच्या विभागातला पहिला हंगाम तर कारभार कसा नसावा याचा नमुना होता. सप्टेंबर २०१२ मध्ये केन यांनी राजीनामा दिला. १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग मॅनेजर झाले आणि ५७ दिवसांत गेले. मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले. मालक पुण्यात, व्यवस्थापकीय संचालक डेरेक शॉ ब्लॅकबर्नमध्ये आणि मलेशियाचे माजी फुटबॉलपटू शेबी सिंग ‘जागतिक सल्लागार’. कुणाचा शब्द अखेरचा हे आतल्या माणसांनाही सांगता येईना. बर्ग यांच्या भरपाईचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. क्लबने साडेबावीस लाख पौंड देणे आधी कबूल केले, मग कबुली मागे घ्यायचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो मानला नाही. खेळाडूंच्या भरमसाट पगारांचे ओझे वेगळेच. खर्चाचे नियम मोडल्यामुळे २०१५ मध्ये रोव्हर्सवर खेळाडू विकत घेण्याची बंदी आली.

गॅरी बोयर, पॉल लॅम्बर्ट, ओवेन कॉइल असे मॅनेजर आले आणि गेले. मार्च २०१४ मध्ये जुना प्रतिस्पर्धी बर्नली ३५ वर्षांत प्रथमच या स्थानिक लढतीत जिंकला, तोही ईवुड पार्कवर. मे २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही रोव्हर्स गोलफरकावर तिसऱ्या विभागात घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या विभागात जाण्याची ती पहिलीच वेळ होती. टोनी मोब्रे यांनी वर्षभरातच त्याला वर आणले आणि पाच वर्षे संयमाने संघ बांधला, ही या काळातली मोजकी जमेची बाजू.

पाठीराख्यांनी निषेधाचे जवळपास सगळे सनदशीर मार्ग वापरले. मोर्चे काढले, फलक धरले, क्लबच्या स्थापनावर्षाची आठवण म्हणून अठराव्या मिनिटाला आत यायचे आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचे असेही केले. रोव्हर्स ट्रस्ट नावाने सभासदांची संस्था काढली, क्लबचा काही वाटा समाजाच्या हाती यावा हा तिचा हेतू. ‘केन आउट’ची जागा ‘व्हेंकीज आउट’ने घेतली. अनेकांनी शेवटचा मार्ग पत्करला आणि सामन्याला जाणेच बंद केले. ३१ हजारांवर प्रेक्षक मावणाऱ्या ईवुड पार्कवर २०१०-११ मध्ये जेवढी सरासरी गर्दी असे, तिच्या निम्म्यावर ती सहा वर्षांत आली. हा आकडा साधा नाही. चाळीस-चाळीस वर्षे एकाच जागी बसणाऱ्या माणसाने शनिवारी दुपारी घरी राहायचे ठरवणे, हे त्याच्यासाठी नाते तोडण्यासारखे असते.

मालकांची बाजूही इथे नोंदवली पाहिजे. त्यांनी या क्लबमधून पैसा काढला नाही, उलट ओतला. तोटा भरून काढण्यासाठी दिलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या पुढे गेली आणि कर्जाचा बराच भाग नंतर भागभांडवलात बदलला गेला. लँकेशायर आणि आसपासचे जुने क्लब याच काळात कसे कोसळले हे पाहिले की याचे मोल कळते. बरी २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, बोल्टन त्याच वर्षी दिवाळखोरीच्या दारातून परतला, विगन २०२० मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला. रोव्हर्सवर ती पाळी आली नाही, ईवुड पार्कही विकले गेले नाही. तरीही तक्रार उरते आणि ती रास्त आहे. मालक क्वचितच दिसतात, जाहीरपणे फारसे बोलत नाहीत. क्लबबद्दल त्यांची योजना काय, विकायचा आहे की ठेवायचा आहे, पैसा किती आणि कुठवर, या प्रश्नांना वर्षानुवर्षे उत्तर नाही. रागावलेला मालक परवडतो, त्याच्याशी भांडता येते. गप्प मालकाशी काय करावे हे कुणालाच कळत नाही.

२०२३ पासून अडचणीत भर पडली. परदेशी पाठवलेल्या पैशाबाबत अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्याने क्लबला रक्कम पाठवण्याआधी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढावी लागू लागली, शिवाय तेवढ्याच रकमेची बँक हमीही द्यावी लागे. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. पण खर्चावर लगाम आला तो याच काळात. अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन २०२४ च्या हिवाळ्यात क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. जानेवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा वर्षभराने, कागदपत्रांच्या घोळामुळे ठरलेला खेळाडू हातचा गेला. यातल्या पहिल्या हंगामात रोव्हर्स सहाव्या स्थानावरच्या संडरलंडइतकेच ६९ गुण मिळवून केवळ गोलफरकाने प्ले-ऑफ हुकला. मे २०२५ मध्ये तर महिला संघाला दुसऱ्या विभागातून माघार घ्यावी लागली, कारण त्या विभागाच्या परवान्याच्या अटी पुऱ्या करण्याइतका पैसा मिळणार नव्हता. पुरुष संघाच्या खर्चापुढे ती रक्कम लहान होती. ज्या मुलींनी हा विभाग खेळून कमावला होता, त्यांच्यावर झालेला हा अन्याय मालकांच्या खात्यावर कायम राहील.

इंग्लंडमध्ये अशी इतर उदाहरणे आहेत. कार्डिफ सिटीचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये क्लबचा निळा सदरा बदलून लाल केला. संघ वरच्या विभागात गेला तरी लोकांचा राग गेला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. हल सिटीचे नाव ‘हल टायगर्स’ करण्याचा मालकाचा अर्ज फुटबॉल असोसिएशनने २०१४ मध्ये फेटाळला. या दोन्ही ठिकाणी लोकांपुढे एक ठोस मागणी होती आणि ती पुरी होऊ शकली. ब्लॅकबर्नमध्ये रंग, नाव, मैदान सगळे जागेवर आहे. हवा आहे तो संवाद, आणि त्यासाठी कुणाकडे अर्ज करायचा हेच ठरलेले नव्हते.

ते आता काही अंशी ठरले आहे. ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला. क्लबना आता परवाना लागेल, मालकांची पात्रता नियामक तपासू शकेल, आणि सदऱ्याचे रंग, बोधचिन्ह, मैदान अशा बाबींत पाठीराख्यांचे मत घ्यावे लागेल. जर्मनीत क्लबच्या निम्म्याहून अधिक मतांचा हक्क सभासदांकडे राहावा असा नियम आहे. तिथवर इंग्लंड गेलेला नाही. सामन्याला येऊन बसण्याची सक्ती तर कुठलाच कायदा करू शकत नाही.

ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांना पुणे सात हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे, महाराष्ट्रातल्या पत्रकारांना मात्र व्हेंकीजचे कार्यालय असलेला पुण्याचा सिंहगड रस्ता दूर नाही. आपल्या शहरातली एक कंपनी दीडशे वर्षांच्या एका संस्थेची मालक आहे. तिचे पुढे काय करणार, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांनी तिच्या दारात जाऊन विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.